गाडी वळली की गप

आईला जाऊन अठरा दिवस झाले होते आणि ती आतल्या खोलीत बोलत होती.

दुपारचे साडेतीन. माझी पहिली पाळी सुटली होती. त्या दिवशी मोटारसायकलची क्लचवायर तुटली म्हणून गाडी चितेगावला कंपनीतच ठेवली आणि कंपनीच्या बसनं आलो. पैठण रोडला उतरून गल्लीतून चालत घरी. दार नुसतं लोटलेलं. माझी बायको संध्या नर्स आहे; आई गेल्यापासून दिवसा घरी राहता यावं म्हणून तिनं रात्रपाळी घेतली होती, ती पुढच्या खोलीत गाढ झोपली होती. मी एक चप्पल काढली, दुसरी काढत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला.

"आगं बया, आलीस व्हय? बैस. उन्हाचं कुठं हिंडती? च्या पिती का?"

तोच हेल. वाक्य संपता संपता वर उचलायची तिची सवय. मागून तोच कोरडा खोकला, दोनदा, चुलीच्या धुरानं आयुष्यभराचा दिलेला.

मी भूतबित मानत नाही. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आहेत, आणि मी पोरवयापासून वस्तीत अंगात येणाऱ्या बायांशी भांडत आलोय. तरी त्या दुपारी पाठीवरून घामाचा ओघळ कमरेपर्यंत गेला तो मला कळला. एक पाय अनवाणी, एका पायात चप्पल, असा मी खोलीच्या दाराशी गेलो. दार बोटभर उघडं होतं.

आईच्या खाटेवर माझी मुलगी बसली होती. श्रेया. वय तीन वर्षं दोन महिने. आजवर माझ्यासमोर एक शब्द न बोललेली. पप्पा नाही, मम्मी नाही, पाणीसुद्धा नाही. खांद्यावरून तिनं आजीची वाकळ घेतली होती, त्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीचं टोक जमिनीवर लोळत होतं. समोर आजीची उशी भिंतीला टेकवून उभी. हातात रिकामी वाटी.

"नको आजे, लई गरम हाय," श्रेया म्हणाली. हा तिचा स्वतःचा आवाज असावा. मी तो पहिल्यांदा ऐकत होतो.

"फुकून पी मंग, भिंगरे," असं तिनंच उत्तर दिलं, आईच्या आवाजात.

मी दार ढकललं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पटकन ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट उशीकडं केलं, जणू तिलाही सांगतेय, गप. आणि पुन्हा तीच झाली, जी मला माहीत होती. दगड.

आता सगळं सांगतो. लाज वाटेल तिथं थांबणार नाही.

मी कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट हातात घ्यायचा, गेज लावायचा. बसला तर पास, नाही बसला तर लाल ट्रे. अकरा वर्षं हेच काम. पोरगी झाली तेव्हा डॉक्टरांनी एक चार्ट दिला, कितव्या महिन्यात लेकराला काय काय यायला हवं त्याचा. तो मी फ्रिजवर चिकटवला. सहाव्या महिन्यात बसली, पास. दात वेळेवर, पास. अकराव्या महिन्यात चालली, कंपनीत पेढे वाटले. वर्षाला दोन शब्द, दीड वर्षाला वीस, दोन वर्षाला दोन शब्द जोडून. या तिन्ही ओळींपुढं मी लाल पेनानं फुली मारली. लेकरू म्हणजे कास्टिंगचा पार्ट आहे असं समजत होतो मी.

ती दहा महिन्यांची असताना माझ्या लाइनवरचा एक जोडीदार म्हणाला, "भावा, इंग्लिश मीडियमला टाकायची असेल तर आत्तापासून चकरा मार." म्हणून आम्ही शाळा बघायला गेलो. पोरीला आई सांभाळायची, त्यामुळं आईही सोबत. तिथल्या मॅडमनी आईला हसून विचारलं, "आजी, तुम्ही बघता का हिला?"

आई म्हणाली, "व्हय की. म्याच बघते. लई गुणाचं लेकरू हाय."

मॅडम पुन्हा हसल्या. त्या दुसऱ्या हसण्याला मी ओळखतो. अकराव्या वर्षी ते माझ्या वाट्याला आलं होतं.

आमचं गाव फुलंब्रीकडचं. पाचवीपर्यंत गावात शिकलो, मग शहरात वसतिगृहात. पहिल्या आठवड्यात मराठीच्या सरांनी उशीर का झाला विचारलं. मी म्हणालो, "सर, गाडीला लई गर्दी व्हती." वर्ग फुटला. सरांनी मला बाकावर उभं करून तास संपेपर्यंत 'होती, होती' म्हणायला लावलं. चुकलं की पट्टी. आणि मग ते म्हणाले, "तुमच्यात असंच बोलतात का रे?" तुमच्यात म्हणजे कुणात, हे त्या वर्गातल्या बाकांनाही कळलं. "जीभ धुऊन ये, मग बस वर्गात."

धुतली. सहा महिन्यांत इतकी स्वच्छ धुतली की दिवाळीत घरी गेलो तर आई माझ्याशी हळूहळू, जपून बोलायला लागली. तलाठ्याशी बोलावं तसं. एकदा चुकून तिच्या तोंडून निघालं, "तुमी जेवलात का?" स्वतःच्या अकरा वर्षांच्या लेकाला. मला त्याचा अभिमान वाटला होता. माणूस किती नालायक होऊ शकतो ते मी कुणाच्या पुस्तकातून शिकलो नाही.

शाळेतून परत आल्यावर संध्याकाळी मी आईला समोर बसवलं.

"आई, पोरीशी असलं बोलायचं नाही. शुद्ध बोल. नाहीतर टीव्ही लावून दे, इंग्लिश गाणी लाव."

"मला कुठून येतं बाप्पा सुद्द?"

"येत नसेल तर बोलू नको."

"गपच बसू का मंग?"

"हो. गपच बस."

"बरं," ती म्हणाली.

माझी आई भामाबाई. आयुष्यभर लोकांच्या शेतात खुरपलं, आणि खुरपताना, भाकरी थापताना, शेळीचं दूध काढताना एक मिनिट तोंड बंद नसायचं. शेळीशी बोलायची, तव्याशी भांडायची. ती बाई त्या दिवसापासून आमच्यासमोर हातानं खुणा करायला लागली. मीठ हवं तर बोट. जेवायला या, तर ताटावर वाटी वाजवायची. दोन वर्षं. आणि मी रात्री छान झोपत होतो.

पोरगी बोलेना म्हणून कान तपासले. कान चांगले. मग डॉक्टर म्हणाले, नावानं हाक मारली तर बघत नाही, पुढच्या तपासण्या करू. मी घरभर ओरडायचो, "श्रेया! श्रेया, लुक ॲट पप्पा!" ती खेळण्याचं चाक फिरवत राहायची. आई कोपऱ्यात लसूण सोलत ऐकायची. मान खाली.

एका सकाळी आई न्हाणीत पडली. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. तिसऱ्या दिवशी मी श्रेयाला घेऊन दवाखान्यात गेलो. आईनं तिला पाहिलं आणि डावा हात वर केला. थरथरत बोट ओठांपाशी नेलं. मला वाटलं, पाणी मागतेय. मी चमच्यानं पाणी घातलं. ते गालावरून उशीत गेलं. तिनं पुन्हा बोट ओठांवर ठेवलं. मी पुन्हा पाणी घातलं. असं चार वेळा. नर्स म्हणाली, "बस करा, ठसका लागेल." आई माझ्याकडं बघतच नव्हती. माझ्या मागं कॉटचा गज धरून उभ्या असलेल्या पोरीकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

श्रेयाच्या ओठांवर ते बोट पाहिलं तेव्हा मला त्या चार चमच्यांचा अर्थ लागला.

मी तसाच शेजारी गेलो. शेजारच्या सारजाबाई आईच्या वयाच्या. दारात बोचकी बांधून ठेवलेली, त्या लासूर स्टेशनला लेकाकडं कायमच्या राहायला निघाल्या होत्या.

"मावशी, श्रेया बोलते?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी दिवसाढवळ्या पिऊन आलोय.

"आरं, बोलती म्हंजी? चुरूचुरू बोलती. साऱ्या गल्लीला ठावं हाय. दुपारी वट्ट्यावर बसून माझी भांडणं लावती ती. 'सारजे, तुही कोंबडी कामून वरडती गं?' म्हनती. मला सारजे म्हनती, मूठभराची पोर!"

"मग आमच्यासमोर?"

"तुमच्यासमोर कसं बोलंल? तुझी गाडी गल्लीत वळली की तुझी माय बोट लावायची, असं. 'गप, पप्पा आला.' लेकराला वाटायचं खेळच हाय. दोघी तोंड दाबून हसायच्या. मंग तू आत शिरायचा आन् घर मरायचं."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुझ्या मायनं शपथ घातली व्हती. म्हनायची, राजूला कळलं तर मला गावाला धाडंल, लेकरू हातचं जाईल. म्हनायची, साळंत गेल्यावर बोलंल आपसूक, तवर माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या." सारजाबाईंनी बोचक्याची गाठ दातानं ओढली. "दवाखान्यात पळवलं लेकराला, मशिनी लावल्या. आरं, मशीन तुला लावायचं व्हतं."

 मग त्यांनी विचारलं, "तिला काय नावानं हाक मारतो तू?"

"श्रेया."

"ते तर कागदावरचं. भिंगरी म्हन. गर्रकन वळंल बघ."

संध्याला मी सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती उठली, फ्रिजवरचा चार्ट काढला, चार तुकडे केले आणि ओट्यावर ठेवले.

"तुम्ही गप केलंत त्यांना," ती म्हणाली. "आणि मी बघत बसले. मलाही सोयीचंच होतं, घरात किटकिट नाही म्हणून. आता बोला तुम्ही."

"तूही बोल की तिच्याशी."

"मला कुठं येते ती भाषा? आमच्या मोहल्ल्यात अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मी बोलले तर नाटक वाटेल. तुमची आहे ती."

माझी आहे ती. हे ऐकायलाच विचित्र वाटलं.

श्रेयाला शब्द शिकवायला आम्ही ज्या सोनिया मॅडमकडं जायचो, त्यांनी रेकॉर्डिंग मागितलं. मी मोबाइल आईच्या खाटेखाली ठेवला आणि दुपारी घराबाहेर जाऊन बसलो. मॅडमनी कानाला हेडफोन लावून ते ऐकलं. आधी कपाळाला आठ्या, मग हसू, मग त्यांनी वहीत रेघा ओढणं थांबवलं.

"दोनशे शब्दांनंतर मी मोजणं सोडलं," त्या म्हणाल्या. "अहो, ही गोष्ट सांगतेय. कोंबडीला रागावतेय. मागचं, पुढचं, रुसणं, समजूत काढणं, सगळं आहे. तुमच्या चार्टच्या कितीतरी पुढं आहे मुलगी."



"पण दोन्ही बाजू ती एकटीच बोलतेय," मॅडम पुढं म्हणाल्या. "आजीचंही तीच, स्वतःचंही तीच. हे किती दिवस टिकेल मी सांगू शकत नाही. तीन वर्षांचं लेकरू आहे. समोरून उत्तर आलं नाही तर हळूहळू आवाज विसरेल, मग शब्द. आणि गप्प राहायची सवय पक्की होईल. त्याच बोलीत कुणीतरी तिला उत्तर द्यायला हवं, आणि लवकर."

"कुणी?"

"तुम्हाला येत नाही?"

"नाही," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. सरांनी शाबासकी द्यावी इतकं खरं होतं.

मग मी न्हाणीत नळ सोडून सराव करायला लागलो. 'लई', 'कामून', 'व्हय'. कंपनीच्या गॅदरिंगला पोरं धोतर नेसून खेडुताची नक्कल करतात ना, तसा आवाज निघायचा. स्वतःच्याच आईची टिंगल केल्यासारखं वाटायचं. एकदा धीर करून श्रेयापुढं बसलो आणि म्हणालो, "भिंगरी, च्या पिती का?" ती वळली. खरंच गर्रकन वळली. दाराकडं पाहिलं, खाटेकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. ओठांवर बोट.

आणि आतल्या खोलीत आई दुसऱ्यांदा मरायला लागली.

मी रोज गाडी कोपऱ्यावरच बंद करून ढकलत आणायचो आणि दाराबाहेर उभा राहायचो, चोरासारखा. पहिल्या आठवड्यात खोकला गेला. श्रेया तो करायची विसरली. मग हेल बदलला, वाक्य वर उचललं जाईना. मग आजीचे प्रश्न कमी झाले. पुढं पुढं आजी नुसती 'हूं, हूं' करायची. उशी भिंतीला टेकवलेली असायची, पोरगी तिच्याकडं वाटी करायची आणि थांबायची. घरात इतकं शांत असायचं की वाटीत काही ओतल्याचा आवाज यावा अशी मीच वाट बघायचो.

एका दुपारी आजी काहीच बोलली नाही. फक्त माझ्या लेकीचा आवाज आला.

"आजे?"

मग थांबली. बराच वेळ.

"आजे, बोल ना."

मी दाराबाहेर भिंतीला डोकं टेकलं. आत कुणी बोललं नाही. बोलणारीला मी गप केलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. जेवण झाल्यावर श्रेया डुलक्या काढत होती, संध्या तिला घेऊन पुढच्या खोलीत पडली. मी आईच्या खोलीत गेलो. सराव करायचा असं काही मनात नव्हतं. खाटेवर बसलो नाही, तिच्यासारखा खाली बसलो, खाटेच्या पायाला पाठ लावून, एक गुडघा उभा. वाकळ अंगावर घेतली. तिला अजून वास होता. चुलीचा, तंबाखूच्या मशेरीचा, खोबरेल तेलाचा. वाकळीत माझ्या शाळेच्या पहिल्या खाकी चड्डीचा तुकडा शिवलेला होता, तो बोटाला लागला. त्याच्या शेजारी तिच्या हिरव्या लुगड्याचा. मी डोळे मिटले आणि दाराकडं पाठ केली.

आईला काय सांगायचं होतं ते सांगावं असं वाटलं. माफी वगैरे. तर माफी हा शब्दच त्या बोलीत कधी वापरलेला आठवेना. आमच्यात माणूस चुकला की दुसरा त्याला म्हणायचा, जाऊ दी, जेव आता. अकरा वर्षांचा होईपर्यंत मी तेवढंच ऐकलं होतं.

"जेवलीस का गं माय?" मी म्हणालो. कुणाला, ते कळलं नाही. आवाज घशातून आला नाही, खालून कुठून तरी आला, बारीक, चिरका. "म्या लई तरास दिला तुला. कामून गप बसलीस? दोन शिव्या हासडायच्या व्हत्या मला. पाठीत रट्टा घालायचा व्हता."

आणि मग थांबता येईना. शेळी कुठं गेली, नदीला पाणी हाय का, गावातल्या सोनाबाईच्या घरचा कुत्रा आजून चावतो का, असलं काहीबाही. पस्तीस वर्षांचा घोडा मी, मिशा असलेला, वाकळ पांघरून बायकांच्या हेलात बडबडत होतो. शब्दामागून शब्द येत होते. बाकावर उभ्या केलेल्या पोरानं ते कुठं दडवून ठेवले होते कुणास ठाऊक. मला खोकला आला. दोनदा. मी आणला नव्हता.

मागं पावलं वाजली. लहान, अनवाणी.

मी वळलो नाही. वळलो असतो तर तिला माझं तोंड दिसलं असतं.

पावलं थांबली. मग वाकळीचं टोक उचललं गेलं आणि एक गरम अंग माझ्या बगलेत शिरलं. तिनंही वर पाहिलं नाही. डोकं माझ्या बरगड्यांत खुपसलं.

"आजे," ती म्हणाली, "कुठं गेल्ती तू?"

खरं सांगायचं होतं. मी आजी नाही, मी पप्पा. तेवढं बोललो असतो तर ती गप झाली असती, कदाचित कायमची. माझ्या तोंडात दोन उत्तरं होती आणि त्यातलं एक धुतलेलं होतं.

"कुठंच नाय गं," मी म्हणालो. "इथंच व्हते."

"लई येळ लावला."

"व्हय. लई येळ लावला."

"च्या पिती का?"

"दी की."

तिनं वाकळीतून हात बाहेर काढून खाटेवरची वाटी ओढली. माझ्या तोंडाशी धरली. मी फुंकर घातली आणि प्यालो. ती हसली, पोटातून, मला ते हसू बरगडीला लागलं. मग ती सांगायला लागली. सारजी गेली. कोंबडी पन गेली. म्या एकलीच बसती. वाटीला मुंग्या लागल्या. तिचं सांगणं धावत होतं, मी हूं म्हणत होतो, मध्येच 'मंग?' विचारत होतो, आणि मी विचारलं की ती अजून पुढं पळत होती. दारात संध्या उभी होती. तिनं तोंडावर पदर दाबून धरला होता. ती आत आली नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल वळली. कुणाची तरी. माझ्यासारखीच, त्याच कंपनीची, तोच फटफट आवाज.

श्रेयाचं अंग ताठ झालं. शब्द अर्ध्यात तुटला. तिनं हात वर केला, चाचपडत माझे ओठ शोधले आणि त्यांच्यावर बोट ठेवलं. मऊ, चिकट बोट.

"गप," ती कुजबुजली. "पप्पा आला."

मी गप झालो. आम्ही दोघं वाकळीत श्वास धरून, दाराकडं कान लावून बसलो. गाडी जवळ येत होती. तो येऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं.